डोरोथीचा फ्रॉक कोणाचा?

2021 च्या जून महिन्यात वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका या विद्यापीठात नाट्यगृहाच्या दुरुस्तीआधीची आवराआवर चालू होती. प्राध्यापकांच्या टपालाच्या खणांवर एक कचऱ्याची पिशवी पडलेली होती. नाट्यविभागातल्या एका अध्यापकाने ती उघडून पाहिली, तेव्हा आतून निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा, शाळकरी मुलीला शोभेल असा एक फ्रॉक निघाला. 1939 साली आलेल्या 'द विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटात जूडी गारलंडने डोरोथी साकारताना घातलेल्या फ्रॉकांपैकी तो एक होता. स्मिथसोनियन संग्रहालयाच्या जाणकारांनी तो पाहिला. उजव्या बाजूला डोरोथीच्या रुमालासाठी लपवलेला खिसा होता आणि आतल्या बाजूला जूडी गारलंडचं नाव हाताने लिहिलेलं होतं. ते अक्षरही या चित्रपटाच्या शिल्लक राहिलेल्या इतर फ्रॉकांवरच्या अक्षराशी जुळणारं होतं. फ्रॉक अस्सल आहे याबद्दल फारशी शंका उरली नाही. असाच दुसरा एक फ्रॉक 2015 मध्ये लिलावात पंधरा लाख डॉलरच्या वर गेला होता, त्यामुळे या फ्रॉकलाही आठ ते बारा लाख डॉलर येतील असा अंदाज बांधला गेला. विद्यापीठाने तो 'बॉनहॅम्स' या लिलावगृहाकडे सोपवला आणि 24 मे 2022 ही तारीख ठरली. त्याच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने, मालकीचा प्रश्न सुटेपर्यंत फ्रॉक विकू नये, असा हुकूम दिला.

न्यायालयात गेली होती ती फादर गिल्बर्ट हार्टके यांची पुतणी. हार्टके हे डॉमिनिकन पंथाचे धर्मगुरू. या विद्यापीठाचा नाट्यविभाग त्यांनीच 1937 मध्ये उभा केला आणि पुढे कित्येक वर्षं चालवला. ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री मर्सिडीज मॅककेम्ब्रिज काही काळ या विभागात निवासी कलावंत म्हणून होती. 1973 मध्ये तिने हा फ्रॉक हार्टके यांच्या हाती दिला, इथपर्यंत दोन्ही बाजूंचं एकमत आहे. वाद पुढचा. कुटुंब म्हणतं, ती एका माणसाने दुसऱ्या माणसाला प्रेमाने दिलेली भेट होती, म्हणून त्यांच्या मागे ती वारसांची. विद्यापीठ म्हणतं, ती विभागप्रमुखाला विभागासाठी दिलेली वस्तू होती. शिवाय दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या धर्मगुरूची खाजगी मालमत्ता असूच शकत नाही. हार्टके 1986 मध्ये गेले, मॅककेम्ब्रिज 2004 मध्ये. फ्रॉक देताना तिच्या मनात काय होतं हे सांगू शकणारी दोन माणसं, आणि दोघंही हयात नाहीत. लिहून तर कोणीच काही ठेवलं नव्हतं.

करमणुकीच्या दुनियेतल्या जुन्या वस्तूंवरून जे खटले उभे राहतात, त्यांच्याकडे आपण सहसा हावरटपणाची प्रकरणं म्हणून पाहतो. कोट्यवधी रुपयांची वस्तू दिसली आणि वारस जागे झाले, अशी आपली पटकन समजूत होते. मला ती उथळ वाटते. वस्तूची किंमत वाढली की वाद उघडा पडतो हे खरं, पण तो जन्माला येतो फार आधी. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली, त्या वेळी ती दिली, उसनी दिली, सांभाळायला ठेवली की नकळत उचलली गेली हे कोणी बोललंच नाही, तेव्हाच वादाचं बी पडतं. ज्या काळात त्या वस्तूला मोल नव्हतं, त्या काळातला व्यवहार पन्नास वर्षांनी मोलाच्या उजेडात तपासायची वेळ न्यायालयावर येते. म्हणून अशा वादांत सिद्ध करण्याचा भार वस्तू विकायला निघालेल्या माणसावर टाकणं हाच न्याय्य मार्ग आहे, असं मला वाटतं.

हे पटायचं तर हॉलिवूडचा कपडेपट कसा विखुरला ते पाहायला हवं. नटनट्यांनी घातलेले कपडे त्यांच्या मालकीचे नव्हते. ते स्टुडिओचे. एका चित्रपटात वापरलेला कोट उसवून, रंगवून पुढच्या तीन चित्रपटांत वापरला जाई. जूडी गारलंडचा फ्रॉक आणि तिचे लाल बूट, दोन्ही एमजीएम स्टुडिओची मालमत्ता. 1969 मध्ये एमजीएम नव्या मालकाच्या हाती गेली, आणि जागा अडवून बसलेलं हे सगळं सामान पुढच्या वर्षी डेव्हिड वाइझ नावाच्या लिलाववाल्याला सुमारे पंधरा लाख डॉलरला घाऊक विकण्यात आलं. मे 1970 मध्ये त्याने केलेल्या लिलावात डोरोथीच्या बुटांचा एक जोड पंधरा हजार डॉलरला गेला. स्टुडिओकडे हा एकच जोड उरला आहे, असा तेव्हा सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात लिलावाच्या तयारीसाठी कपडेपटाची छाननी करणाऱ्या केंट वॉर्नर या वेशभूषाकाराला बुटांचे अनेक जोड सापडले होते. एक त्याने लिलावासाठी दिला आणि बाकीचे गुपचूप स्वतःकडे ठेवले, असं या बुटांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे. वॉर्नरला या वस्तूंचं खरोखर वेड होतं. त्याने उचलले नसते तर ते जोड कोणत्या ढिगाऱ्यात गेले असते, कोण जाणे. पण त्या क्षणी ते त्याचे नव्हते, हेही तितकंच खरं.

त्यातलाच एक जोड मायकेल शॉ या संग्राहकाकडे आला. तो त्याने मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्स या गावी, म्हणजे जूडी गारलंडच्या जन्मगावी, तिच्या नावाच्या संग्रहालयाला काही काळ दाखवायला दिला होता. ऑगस्ट 2005 मध्ये एका रात्री चोराने काच फोडून बूट पळवले. मागे उरली ती बुटावरची एक लाल टिकली. विमा कंपनीने शॉला आठ लाख डॉलर भरपाई दिली. 2018 मध्ये एफबीआयने सापळा लावून बूट मिळवले, आणि ते अस्सल आहेत का हे पाहायला स्मिथसोनियनमधल्या जोडाशेजारी ठेवले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. दोन्ही जोड आपसांत बदललेले होते. एका जोडातला डावा बूट दुसऱ्यातल्या उजव्याचा जोडीदार होता. टेक्निकलर फिल्मवर लालभडक रंग नारिंगी दिसू नये म्हणून मुद्दाम गडद निवडलेल्या टिकल्या आणि नाचताना टापांचा आवाज होऊ नये म्हणून तळव्याला चिकटवलेलं फेल्ट, या साध्यासुध्या कारागिरीच्या खुणांवरून ओळख पटली. चोरी करणाऱ्याने 2023 मध्ये गुन्हा कबूल केला. बुटांवर खरी माणकं असतील अशी त्याची कल्पना होती; ती काच आहे हे कळल्यावर त्याने ते दुसऱ्याच्या गळ्यात मारले. 2024 च्या फेब्रुवारीत बूट शॉकडे परतले आणि डिसेंबरमधल्या लिलावात खर्चासह 3 कोटी 25 लाख डॉलरला विकले गेले. जन्मगावच्या संग्रहालयाला ते घेता यावेत म्हणून मिनेसोटाच्या विधिमंडळाने एक लाख डॉलर मंजूर केले होते. त्या रकमेचा काय पाड लागणार होता!

या सगळ्या प्रवासात 2005 च्या चोरीची चर्चा झाली, 1970 ची मात्र न्यायालयात कधीच झाली नाही. कायद्याचं मूळ सूत्र अनेक देशांत एकच आहे. ज्याची मालकी नाही तो ती दुसऱ्याला देऊ शकत नाही. आपल्या 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 27 हेच सांगतं: विकणाऱ्याच्या हक्कापेक्षा चांगला हक्क घेणाऱ्याला सहसा मिळत नाही, मग त्याने पूर्ण किंमत मोजलेली असो. हे सूत्र काटेकोर लावलं तर वॉर्नरकडून पुढे गेलेल्या प्रत्येक बुटाच्या मालकीला प्रश्नचिन्ह लागतं. पण एमजीएमने किंवा वाइझने दावा केला नाही, दशकं लोटली, आणि कायद्यात दाव्याला मुदत असते. साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, म्हणून ठरावीक काळानंतर शांतता पाळावी असा त्यामागचा हेतू. ही मुदत कधीपासून मोजायची, यावर खरी मारामारी होते. न्यूयॉर्कमध्ये मूळ मालकाने वस्तू परत मागितली आणि ताबेदाराने नकार दिला, तिथून तीन वर्षं धरतात; मार्क शागाल यांच्या एका चित्रावरून गुगेनहाइम संग्रहालयाने लढलेल्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये हा नियम पक्का केला. मात्र मालकाने जाणूनबुजून हात बांधून बसून राहिल्याचा मुद्दा ताबेदार मांडू शकतो. भारतात 1963 च्या मुदत कायद्यानुसार चोरीला गेलेल्या किंवा हरवलेल्या वस्तूसाठी, ती कोणाकडे आहे हे मालकाला पहिल्यांदा कळल्यापासून तीन वर्षं. आणि विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूसाठी, मागणी करून नकार मिळाल्यापासून तीन वर्षं. म्हणजे वस्तू चोरीला गेली की ठेवायला दिली, यावर आपल्याकडेही सगळा दावा फिरू शकतो. आणि नेमकं तेच कोणाला सांगता येत नाही.

'ईगल्स' या बँडच्या हस्तलिखितांचं प्रकरण याचा उत्तम दाखला आहे. 'हॉटेल कॅलिफोर्निया' हा त्यांचा अल्बम 1976 चा. त्यातल्या गाण्यांचे कच्चे खर्डे, खाडाखोड केलेले, पिवळ्या कागदांवर लिहिलेले, गायक डॉन हेन्लीच्या कॅलिफोर्नियातल्या घरी पडून होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बँडने एड सँडर्स या लेखकाला आपलं चरित्र लिहायचं काम दिलं आणि त्यासाठी हे कागद त्याच्याकडे पोचले. चरित्र कधी प्रसिद्ध झालंच नाही. कागद सँडर्सकडेच राहिले. 2005 मध्ये त्याने ते दुर्मिळ पुस्तकांच्या एका व्यापाऱ्याला पन्नास हजार डॉलरला विकले, पुढे ते आणखी हातांत गेले. 2012 मध्ये त्यातली काही पानं लिलावात दिसली तेव्हा हेन्लीने स्वतःच 8,500 डॉलर देऊन चार पानं विकत घेतली. पानं लवकर परत मिळावीत म्हणून आपण पैसे टाकले, असं त्याचं म्हणणं. विरोधी बाजू विचारते, वस्तू स्वतःची असेल तर माणूस ती विकत का घेईल? 2022 मध्ये या व्यवहारातल्या तिघांवर न्यूयॉर्कमध्ये फौजदारी गुन्हा दाखल झाला; कागद कुठून आले याबद्दल एकामागून एक वेगळ्या कहाण्या रचल्या गेल्या, असा सरकारी पक्षाचा आरोप होता. तिघांनीही तो नाकारला. मार्च 2024 मध्ये खटला ऐन मध्यावर कोसळला, कारण हेन्लीच्या वकिलांशी झालेल्या पत्रव्यवहाराची सुमारे सहा हजार पानं फार उशिरा बचाव पक्षाच्या हाती आली. आरोप मागे घेतले गेले, पण कागद कोणाचे हे ठरलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये हेन्लीने त्यासाठी दिवाणी दावा लावला.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. गाण्याच्या शब्दांवरचा हक्क आणि ते शब्द ज्या कागदावर लिहिले त्या कागदाची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्डा विकत घेणाऱ्याला ते गाणं छापायचा अधिकार मिळत नाही, आणि गाण्यावरचा हक्क असलेल्याला प्रत्येक कागद आपोआप मिळत नाही. सत्यजित राय यांच्या 'नायक' चित्रपटाच्या पटकथेवरून दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला, तेव्हा 2023 मध्ये न्यायालयाने पटकथेचा पहिला हक्क निर्मात्याचा नसून राय यांचा आहे असं सांगितलं. तिथेही कागदाचा गठ्ठा कोणाकडे होता हा प्रश्नच नव्हता. आपल्या कॉपीराइट कायद्यात मात्र एक सुंदर तरतूद आहे. कलम 53अ नुसार साहित्य, नाटक किंवा संगीताचं मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना त्या रकमेत वाटा मागता येतो, कमाल दहा टक्के. विकणारा आणि कर्ता या दोघांच्या हिताचा असा समतोल फार कमी कायद्यांनी साधला आहे. दुर्दैवाने वापरलेले कपडे, बूट, वाद्यं यांना तो लागू नाही.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला भावनिक, पण बळकट: ज्याच्यामुळे त्या वस्तूला अर्थ आला, त्या कलावंताचा हक्क सर्वांत मोठा असायला हवा. यात तथ्य आहे, तरी मालकीचा नियम म्हणून ते चालणार नाही. डोरोथीच्या फ्रॉकला अर्थ जूडी गारलंडने दिला, पण तो शिवला एका शिंप्याने, रेखाटला वेशभूषाकाराने, पैसा घातला स्टुडिओने. दुसरा आक्षेप जपणाऱ्याच्या बाजूचा. ज्यांनी या वस्तू कचऱ्यातून वाचवल्या, त्यांना आता पुरावा मागायचा? आपल्याकडे कूळकायद्याने 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व आणलं, मग 'जपेल त्याची वस्तू' का नाही? पण कूळ उघडपणे कसत होतं. गाव पाहत होतं, खंड भरला जात होता, पीकपाहणीत नोंद होत होती. मूळ मालकाला हरकत घ्यायची संधी होती. कपाटात तीस वर्षं दडवून ठेवलेल्या खर्ड्याला तो न्याय लावला तर लपवणाऱ्यालाच बक्षीस मिळतं. ज्याने वस्तू उघडपणे प्रदर्शनात ठेवली, कुठून आली ते सांगितलं, त्याच्या बाजूने काळाचा विचार जरूर व्हावा. शॉच्या बाबतीत तेच झालं, असं मी मानेन.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा. पावत्या मागितल्या तर प्रामाणिक कुटुंबांचीच अडचण होईल. मित्राने मित्राला दिलेल्या टोपीची पावती कोण ठेवतं? हे मान्य. म्हणून मी पावती मागत नाही, हिशेब मागतो. वस्तू कोणाकडून, साधारण कधी, कोणत्या नात्याने आली, याचं एकच सुसंगत निवेदन विकणाऱ्याने लिलावाआधी शपथेवर द्यावं आणि लिलावगृहाने ते छापावं. निवेदन खोटं ठरलं तर त्याची किंमत विकणाऱ्याने मोजावी. पैसा त्याला मिळणार आहे, वस्तूचा इतिहासही सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक असतो. असा हिशेब देणं अशक्य नाही. डेबी रेनल्ड्स या अभिनेत्रीने 1970 आणि 1971 च्या स्टुडिओ लिलावांत पैसे मोजून शेकडो पोशाख घेतले होते. मॅरिलिन मन्रोचा प्रसिद्ध पांढरा पोशाखही तिच्याकडे होता. 2011 मध्ये तो 46 लाख डॉलरच्या बोलीवर गेला. आणि लिलावावाचूनही मालकी अशी स्पष्ट असू शकते. पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला तीस पौंडांना घेतलेली बेस गिटार 1972 मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेली होती. चाहत्यांनी जाहीर शोधमोहीम काढली, तेव्हा एका घराच्या माळ्यावर ती सापडली आणि 2024 मध्ये ती त्याला परत मिळाल्याचं जाहीर झालं. गिटार कोणाची, याबद्दल कुणालाच शंका नव्हती, म्हणून खटल्याची गरज पडली नाही.

महाराष्ट्रात अशा मोठ्या खटल्यांची अजून रांग लागलेली नाही, पण कारणं सगळी हजर आहेत. संगीत नाटकांच्या कंपन्या मोडल्या तसे त्यांचे पडदे, शालू, दागिने, ऑर्गन पांगले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले. 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू होऊन 1933 मध्ये पुण्याला आलेली 'प्रभात' चित्रपट कंपनी बंद पडली आणि 1960 पासून त्या जागी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुण्यातच 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, तरी जानेवारी 2003 च्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म्स जळाल्या, त्यांत 'प्रभात'च्याही होत्या. म्हणजे खाजगी घरांत राहिलेल्या गोष्टींचं मोल आणखी वाढलं. आज या वस्तू नातवंडांच्या माळ्यावर, जुन्या नेपथ्यकाराच्या घरी, एखाद्या वाचनालयाच्या कपाटात आहेत, आणि बहुतेकांबद्दल 'आजोबांकडे होतं' यापलीकडे कोणी काही सांगू शकत नाही. मुंबईच्या लिलावांत जुनी पोस्टरं आणि छायाचित्रं विकली जाऊ लागली आहेतच. किंमत चढेल तेव्हा हेच प्रश्न मराठीतून विचारले जातील.

ज्यांच्या घरी अशी एखादी वस्तू आहे, त्यांना एक विनंती. ती विका, ठेवा की एखाद्या संग्रहालयाला द्या, तो तुमचा निर्णय. पण ती कोणाकडून आली, कधी आली, बक्षीस म्हणून आली की सांभाळायला, हे एका कागदावर लिहा, तारीख घाला, घरातल्या दोन माणसांच्या सह्या घ्या. कोणाला देत असाल तर 'दिली' किंवा 'उसनी दिली' एवढं तरी स्पष्ट लिहून द्या. आपल्या कायद्याने जंगम वस्तूचं बक्षीस केवळ हाती देऊनही पूर्ण होतं, नोंदणी लागत नाही. पण बक्षीस स्वीकारलं जायला हवं ते देणाऱ्याच्या हयातीत. म्हणून ज्या ज्येष्ठ कलावंतांना, तंत्रज्ञांना, त्यांच्या पत्नींना किंवा मुलांना हे सगळं अजून आठवतं, त्यांच्याकडे या दिवाळीच्या सुट्टीत जा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या.